साटंलोटं: तीन वर्षांची नवरी आणि दोन नद्या

साटंलोटं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमची मुलगी तुमच्या घरी, तुमची मुलगी आमच्या घरी. देण्याघेण्याचा हिशेब परस्पर फिटतो. शिवाय दोन्ही घरांत एकेक मुलगी अडकलेली असल्यामुळे कुणी कुणाच्या लेकीला फार छळणार नाही, असा एक अंदाज असतो. धोका एवढाच, की एकीकडे बिनसलं तर दुसरीकडची चांगली नांदणारी मुलगीही माहेरी येऊन बसते.

एवढं डोक्यात असलं की अठराव्या शतकातल्या युरोपचं राजकारण निम्मं कळतं. शाळेत आपण स्पॅनिश वारसायुद्ध, पोलिश वारसायुद्ध, ऑस्ट्रियन वारसायुद्ध अशी नावं आणि सनावळ्या घोकल्या आणि परीक्षेनंतर विसरलो. ती लक्षात राहत नाहीत याचं कारण असं, की ती सगळी घरगुती भांडणं आहेत आणि आपल्याला त्यातल्या घरांची ओळखच कुणी करून दिलेली नसते. कोण कुणाचा चुलता, कोण कुणाची सावत्र आई, कुणाचं लग्न का मोडलं, हे कळल्याशिवाय त्या लढाया म्हणजे नुसत्या तारखा.

म्हणून एकाच मुलीच्या मागे जाऊ या. नाव मारियाना व्हिक्टोरिया. स्पेनच्या राजाची मुलगी, जन्म 31 मार्च 1718, माद्रिद. या मुलीची दोनदा अदलाबदल झाली, दोन्ही वेळा नदीवर, आणि दोन्ही वेळा तिच्या बदल्यात समोरून दुसरी मुलगी आली.

पहिली नदी

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बिदासोआ नावाची नदी आहे. तिच्या पात्रात जेमतेम दोनशे मीटर लांबीचं एक बेट आहे, फेझंट बेट. आजही ते सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं असतं. कुणाच्याच अंगणात नसलेली ही जागा दोन राजघराण्यांना फार सोयीची होती. 1659 साली इथेच दोन्ही देशांचा मोठा तह झाला. पुढच्या वर्षी चौदाव्या लुईची स्पॅनिश नवरी इथूनच फ्रान्समध्ये गेली.

9 जानेवारी 1722 रोजी दक्षिणेकडून मारियाना व्हिक्टोरियाला या बेटावर आणलं. तिला चौथं वर्ष लागलेलं होतं, पुरं झालेलं नव्हतं. उत्तरेकडून आली लुईझ एलिझाबेथ, वय 12. छोटी निघाली होती फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची राणी व्हायला. लुई तेव्हा अकरा वर्षांचा होता, बारावं पुरं व्हायला महिनाभर बाकी. मोठी निघाली होती मारियानाच्या सावत्र भावाशी, स्पेनच्या युवराज लुईसशी लग्न करायला. कागदांवर सह्या झाल्या, मुली इकडच्या तिकडे झाल्या, दोन्ही लवाजमे आपापल्या दिशेने चालू लागले.

हे ठरवलं कुणी आणि कशासाठी? यात तीन माणसांचे तीन स्वार्थ आहेत, आणि तिन्ही नीट पाहण्यासारखे आहेत.

पहिला मारियानाचा बाप, पाचवा फिलिप. हा मूळचा फ्रेंच, चौदाव्या लुईचा नातू. स्पेनची गादी त्याच्याकडे पक्की झाली ती बारा-तेरा वर्षांच्या युद्धानंतर, आणि त्या बदल्यात 1713 मध्ये त्याला फ्रान्सच्या गादीवरचा हक्क लिहून सोडावा लागला. लिहून दिलं तरी मनातून गेलं नव्हतं. आपली मुलगी फ्रान्सची राणी झाली तर एक पाय परत मूळ घरात पडतो, हे त्याला हवंच होतं. मारियाना आणि लुई सख्खे चुलत भाऊबहीण होते, म्हणजे लुईचे वडील फिलिपचे थोरले भाऊ. आपल्याकडे हे ऐकूनच लोक कानावर हात ठेवतील. तिथे रोमहून पोपची परवानगी मागवली की भागायचं.

दुसरी तिची आई, एलिझाबेथ फार्नेसे. फिलिपची दुसरी बायको. पहिल्या बायकोचे मुलगे हयात होते, त्यामुळे स्पेनची गादी आपल्या पोटच्या पोरांना मिळणार नाही, हे या बाईने ओळखलं होतं. मग तिने उरलेलं आयुष्य आपल्या मुलांना कुठे ना कुठे चिकटवण्यात घालवलं. इटलीतलं एखादं संस्थान याला, दुसरं त्याला, मुली मोठ्या घरांत. इतिहासकार तिला कारस्थानी म्हणतात. मला ती आपल्या ओळखीची वाटते. सावत्र दिरांच्या घरात आपल्या लेकरांचा वाटा काढणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या असतात. फरक इतकाच, की हिच्या वाट्यासाठी आरमारं निघायची.

तिसरा खरा मुरब्बी. ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप. बालराजा लहान असल्यामुळे फ्रान्सचा कारभार याच्या हातात होता. 1712 मध्ये गोवराने काही दिवसांच्या अंतराने लुईचे आईबाप आणि थोरला भाऊ गेले होते. दोन वर्षांचा लुई तेवढा वाचला, तोही त्याच्या दाईने, मादाम द व्हाँतादूर हिने, वैद्यांना रक्त काढायला हात लावू दिला नाही म्हणून. म्हणजे फ्रान्सची गादी आणि या ड्यूकच्या मध्ये एकच नाजूक पोरगा उभा होता. त्याला नवरी शोधायची, तर ड्यूकने शोधली तीन वर्षांची! ती मोठी होऊन तिला मूल व्हायला किमान दहा-बारा वर्षं. तोवर राजाला काही झालं तर गादी कुणाची? ड्यूकची. शिवाय साटंलोटं असल्यामुळे स्पेनच्या युवराजाला जी मुलगी दिली, ती ड्यूकची स्वतःची. पुढे धाकटी मुलगीही स्पेनच्याच दुसऱ्या राजपुत्रासाठी रवाना केली. एका दगडात किती पक्षी, मोजत बसावं.

लुईला जेव्हा सांगितलं की तुझं लग्न ठरलंय, तेव्हा तो रडला. यात नवल काही नाही. अकरा वर्षांच्या पोराला तीन वर्षांची बायको आणली तर ते लाजेनेच मरेल.

मेणाची बाहुली

2 मार्च 1722 रोजी मारियाना पॅरिसला पोचली. स्वागत जोरदार झालं. राजाने तिला एक फार महागडी बाहुली भेट दिली. तिची राहायची सोय लूव्रच्या राजवाड्यात केली. तिथल्या एका बागेला आजही 'इन्फान्ताची बाग' म्हणतात, इन्फान्ता म्हणजे स्पेनची राजकन्या. सांभाळायला तीच मादाम द व्हाँतादूर, जिने लुईला वाचवलं होतं. उन्हाळ्यात दरबार व्हर्सायला हलला, तेव्हा ही पण गेली. तिला म्हणायचे 'इन्फान्ता-राणी', म्हणजे अर्धी राजकन्या, अर्धी राणी. पदाची ही अशी लोंबकळ पुढे फार महागात पडली.

पोरगी चुणचुणीत होती. ऑर्लेआँच्या ड्यूकची म्हातारी आई तोंडाने फटकळ, दरबारातल्या कुणालाही न सोडणारी, पण ती या मुलीवर फिदा होती. तिने लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. म्हातारी भेटायला गेली तेव्हा मारियाना बाहुली ठेवून हात पसरून धावत आली, आणि मग बाहुली दाखवत हसून म्हणाली, की सगळ्यांना मी सांगते हा माझा मुलगा आहे, पण तुम्हाला म्हणून सांगते, हे नुसतं मेणाचं बाळ आहे.

हे वाक्य मी बरेच दिवस विसरू शकलो नव्हतो. अख्खा दरबार तिच्याकडे पुढच्या राजाची आई म्हणून बघत होता, आणि चार वर्षांची पोर तेच नाटक बाहुलीबरोबर खेळत होती. खेळ आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

राजा मात्र तिच्याशी बोलायचा नाही. अगदी शिष्टाचारापुरतं. ती त्याच्या मागे मागे, आणि तो शिकारीला. लार्जिलिएर नावाच्या चित्रकाराने 1724 मध्ये काढलेलं तिचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. सहा वर्षांची पोर, अंगावर मोठ्या बाईचा दरबारी थाट. अशी चित्रं आठवण म्हणून काढलेली नसायची. पाहणाऱ्याने मुलीच्या जागी राणी पाहावी, हा त्यांचा उद्देश.

आता कायद्याची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे मुलीचं लग्न बाराव्या वर्षी आणि मुलाचं चौदाव्या वर्षी लागू शकायचं. सातव्या वर्षापासून वाङ्निश्चय करता येई. म्हणजे मारियानाचं जे झालं होतं त्याला आपण साखरपुडासुद्धा धड म्हणू शकत नाही. दोन राजांमधला करार होता, बस. लग्न लागलं असतं तर मोडायला पोपचे पाय धरावे लागले असते, वर्षानुवर्षं चौकशी चालली असती. साखरपुडा मोडायला अब्रू गमावण्याची तयारी पुरे.

ती तयारी 1725 मध्ये झाली. 1723 च्या डिसेंबरात ऑर्लेआँचा ड्यूक अचानक वारला आणि कारभार गेला बूर्बाँच्या ड्यूककडे. हा ऑर्लेआँ घराण्याचा वैरी. 1725 च्या फेब्रुवारीत लुई आजारी पडला. दोन दिवसांत बराही झाला, पण बूर्बाँच्या पोटात गोळा आला. राजा गेला असता तर गादी ऑर्लेआँच्या मुलाकडे, आणि आपण रस्त्यावर! राजाला मूल हवं, आणि ते आत्ता हवं. नवरी मात्र सात वर्षांची. ज्या कारणासाठी एका घराने ही मुलगी निवडली, बरोबर त्याच कारणासाठी दुसऱ्या घराने ती परत केली: ती लहान होती.

मारियानाला खरं कारण सांगितलं नाही. आईबाबांना तुला भेटायचंय, एवढंच. 5 एप्रिल 1725 रोजी ती व्हर्सायहून निघाली. तिच्या जागी कोण आणायची यासाठी युरोपातल्या लग्नाच्या राजकन्यांची यादी आधीच तयार होती, शंभराच्या आसपास नावांची. ही फार मोठी, ती फार लहान, हिचा पंथ वेगळा, ती फार गरीब, अशा शेऱ्यांसह एकेक नाव कापत आणलं. आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या वह्या आठवाव्यात अशीच ती पद्धत. शेवटी निवडली मारी लेश्चिन्स्का. पोलंडच्या पदच्युत राजाची मुलगी, बाप आल्सासमध्ये दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर जगत होता. पण वय 22 आणि तब्येत ठणठणीत. सप्टेंबरात लग्न लागलं, आणि तिने दहा वर्षांत लुईला दहा मुलं दिली. बूर्बाँचा हिशेब चुकला नव्हता.

पण साटंलोट्याचा नियम तिथेही चालतो. माद्रिदला बातमी पोचताच फ्रान्सच्या मुली परत पाठवायचं ठरलं. थोरली लुईझ एलिझाबेथ एव्हाना विधवा होती. तिचा नवरा 1724 मध्ये गादीवर आला आणि सात-साडेसात महिन्यांत देवीने वारला. चौदाव्या वर्षी स्पेनची विधवा राणी! तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला फ्रान्सच्या रस्त्याला लावलं. मारियाना अजून वाटेत होती तेव्हाच, 1725 च्या एप्रिलअखेर, स्पेनने ऑस्ट्रियाशी तह केला. ज्या ऑस्ट्रियाशी गादीसाठी बारा वर्षं रक्त सांडलं, त्याच ऑस्ट्रियाशी! बोलणी आधीपासून चालू होती हे खरं, पण अपमानाने त्यांना पाय फुटले. लगेच समोर फ्रान्स, इंग्लंड आणि प्रशिया यांनी फळी बांधली. दोन वर्षांत स्पेन आणि इंग्लंडची तोफाबंदुकांची लढाई जुंपली.

मोडलेल्या साखरपुड्यामुळे युद्ध झालं असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे. इंग्लंडने स्पेनकडून घेतलेल्या जिब्राल्टरची जुनी ठसठस होती, व्यापाराचे वाद होते. पण कुणाच्या बाजूने कुणी उभं राहायचं, हे त्या साखरपुड्याने पालटलं.

दुसरी नदी

परत आलेल्या मुलीचं काय करायचं? एलिझाबेथ फार्नेसेने वेळ घालवला नाही. शेजारी पोर्तुगाल होतं. तिथला राजा पाचवा जुआंव ब्राझीलच्या सोन्याने गब्बर झाला होता. त्याचा मुलगा जोझे, मारियानाहून चार वर्षांनी मोठा. आणि मुलगी बार्बरा, तिला द्यायची मारियानाच्या दुसऱ्या सावत्र भावाला, फर्नांदोला, जो आता स्पेनचा युवराज होता. पुन्हा साटंलोटं.

19 जानेवारी 1729. काया नदी, अलीकडे स्पेनचं बादाखोस, पलीकडे पोर्तुगालचं एल्व्हास. नदीवर खास मंडप उभारला होता. दोन्हीकडची राजघराणी दोन बाजूंनी आत आली. जुआंवने तर लिस्बनहून येण्याच्या वाटेवर मुक्कामासाठी नवा राजवाडाच बांधला होता, व्हेंदाश नोव्हाशला. मारियाना पावणेअकरा वर्षांची. यावेळी तिला सगळं कळत असणार.

त्या मंडपातला लक्षात राहणारा क्षण मात्र तिचा नाही. इंग्रज वकील बेंजामिन कीन तिथे हजर होता. त्याने कळवलं, की पंधरा वर्षांच्या फर्नांदोने बार्बराला पहिल्यांदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला, आपल्याला फसवलंय असा. बार्बराच्या तोंडावर देवीचे वण होते आणि आधी पाठवलेल्या चित्रात ते अर्थातच नव्हते. पुढे काय झालं? या दोघांचं इतकं जमलं की 1758 मध्ये बार्बरा वारली तेव्हा फर्नांदोला वेड लागलं आणि वर्षभरात तोही गेला. बार्बराबरोबर तिचे संगीतशिक्षक दोमेनिको स्कार्लाती स्पेनला गेले होते. त्यांच्या साडेपाचशेहून जास्त सोनाटांपैकी बहुतेक तिच्या सेवेत असतानाच्या. राजकारणाच्या त्या बाजारातून जगाला मिळालेली ही सर्वांत चांगली गोष्ट असेल.

मारियानाचं इतकं जमलं नाही, पण अगदी बिघडलंही नाही. जोझेला आणि तिला दोन आवडी सारख्या होत्या: शिकार आणि ऑपेरा. ती घोड्यावर पटाईत होती. जोझेच्या बाहेरख्याली वागण्यामुळे ती धुमसायची, आणि लिस्बनच्या दरबारी रंगमंचावर बायकांना बंदी होती ती राणीच्या मत्सरामुळेच, असं परदेशी पाहुणे सांगत. माद्रिदला आईला ती सतत पत्रं लिहायची, अनेक वर्षं. आईची भेट मात्र कायाच्या त्या मंडपानंतर पुन्हा झाली नाही.

राजकन्येच्या पत्रांबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लेक सासरी गेली की ती माहेरची वकील बनते, ही अपेक्षाच असायची. राजा कशावर खूश आहे, कोण मंत्री वर चढतोय, तब्येत कशी आहे, सगळं आईला कळवायचं. त्यामुळे सासरचे लोक तिच्यावर कधीच पूर्ण विसंबत नसत. मुलगी जितकी हुशार तितका संशय जास्त. पुढे जोझेचा मंत्री पोंबाल याने या राणीला कारभारापासून वीस-पंचवीस वर्षं लांब ठेवलं, ते काही उगाच नाही.

चार मुली आणि एक जुनी भीती

तिला 1734 ते 1746 या काळात चार मुली झाल्या. मारिया, मारिया आना, दोरोतेया, बेनेदिता. मुलगा नाही.

इथे आपला एक धागा जोडून घेतो. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. तो ज्यांच्याकडून घेतला, त्यांचा युवराज म्हणजे हा जोझे. मराठी माणसाच्या मनात ती वसईची लढाई, घंटा, तोफा असं सगळं आहे. लिस्बनच्या राजवाड्यात त्या सप्टेंबरात तिसरी मुलगी दोरोतेया जन्मली, आणि तिथली चिंता वेगळीच होती: परत मुलगी. पुढे जोझेच्या राज्यात, 1763-64 मध्ये, फोंडा, सांगे, केपे हे भाग पोर्तुगीजांकडे गेले. गोव्यात ज्यांना नव्या काबिजादी म्हणतात, त्यातला बराच भाग या राणीच्या काळातला.

मुलगा नसणं हा पोर्तुगालमध्ये फक्त हळहळीचा विषय नव्हता. 1580 ते 1640 अशी साठ वर्षं पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली गेलं होतं, आणि तेही लग्नसंबंधातून आलेल्या वारसाहक्काने. थोरली मारिया राणी होणार, मग तिचा नवरा परदेशी राजपुत्र आणला तर देशच सासरी जायचा. उपाय काय? 1760 मध्ये मारियाचं लग्न तिच्या सख्ख्या काकाशी, जोझेच्या धाकट्या भावाशी, लावलं. नवरी 25, नवरा 42. पुढची पायरी 1777 ची: मारियाचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याची सख्खी मावशी बेनेदिता, वय 30, यांचं लग्न. मुली बाहेर देऊन मैत्री विकत घ्यायची, किंवा मुली घरातच ठेवून गादी वाचवायची. दोन्हीची किंमत होती. दुसऱ्या मार्गाची किंमत त्या घराण्यांच्या रक्तात दिसू लागली होती.

मधली काही वर्षं भराभर सांगतो. 1750 मध्ये जोझे राजा, ही राणी. 31 मार्च 1755 रोजी तिच्या वाढदिवशी तेजू नदीकाठी भव्य ऑपेरागृह उघडलं, आणि पहिला खेळ कोणता, तर अलेक्झांडर हिंदुस्थानात येतो त्या कथेवरचा. 1 नोव्हेंबरला लिस्बनचा महाभूकंप झाला, त्यात ते नवंकोरं ऑपेरागृह भुईसपाट. राजघराणं त्या सकाळी शहराबाहेर बेलेंला होतं म्हणून वाचलं. जोझेने दगडी छपराची इतकी धास्ती घेतली की पुढे आयुष्यभर आजुडाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला. 1758 मध्ये एका रात्री राजाच्या गाडीवर गोळीबार झाला. तो बरा होईपर्यंत राज्याचे कागद राणीने पाहिले. त्याचा ठपका ठेवून पोंबालने ताव्होरा या बड्या सरदार घराण्याला जाहीर हाल करून मारलं आणि जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला हाकललं, गोव्यातूनसुद्धा.

आणि 1762 मध्ये स्पेनचं सैन्य पोर्तुगालमध्ये घुसलं. स्पेनच्या गादीवर तेव्हा तिसरा कार्लोस, म्हणजे मारियानाचा सख्खा थोरला भाऊ. भावाने बहिणीच्या राज्यावर फौज धाडली, कारण फ्रान्सच्या गादीवरच्या आपल्या बूर्बाँ घराण्यातल्या नातलगांशी त्याचा करार होता आणि पोर्तुगाल इंग्लंडच्या गोटात. ज्या शांततेसाठी काया नदीवर मंडप घातला, ती शांतता अशी. इंग्रजी मदत आली आणि स्पेनला हात हलवत परत जावं लागलं. पण राणीने ते वर्ष कोणत्या बाजूने श्वास रोखून काढलं असेल?

आजी परत माहेरी

1776 च्या नोव्हेंबरात जोझे अंथरुणाला खिळला आणि राज्याची सूत्रं मारियानाकडे आली. फेब्रुवारी 1777 मध्ये तो गेला, थोरली लेक मारिया राणी झाली आणि पोंबालची सत्ता संपली. त्या वेळी दक्षिण अमेरिकेत स्पेन आणि पोर्तुगालची पुन्हा झटापट चालू होती. लेकीला अनुभव नव्हता. स्पेनचा राजा कोण? आपलाच भाऊ.

मग एकोणसाठ वर्षांची ही बाई 1777 च्या शरदात माहेरी गेली. 48 वर्षांनी. वर्षभर राहिली. आधी सॅन इल्देफोन्सोचा तह झालेला होता, त्यात ला प्लाता नदीकाठचं कोलोनिया दो साक्रामेंतो स्पेनला मिळालं आणि सांता कातारिना बेट पोर्तुगालला परत. ती तिथे असतानाच, 1778 च्या मार्चमध्ये, दुसरा तह झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची पोर्तुगीज बेटं त्यात स्पेनकडे गेली. आज इक्वेटोरियल गिनीत लोक स्पॅनिश बोलतात त्याची सुरुवात ही. जन्मभर दोन घरांच्या मध्ये अडकलेली मुलगी म्हातारपणी दोन्ही घरांची खरी मध्यस्थ झाली, आणि ते काम तिने कुठल्याही पगारी वकिलापेक्षा चांगलं केलं.

भावाबहिणींच्या त्या वर्षात आणखी एक बोलणं झालं. तह झाले, आता नातं पक्कं करायला काय करू या? दोघांनाही एकच उपाय माहीत होता. आपली नात, जिचं नावही मारियाना व्हिक्टोरियाच, ती कार्लोसच्या मुलाला, गाब्रिएलला द्यायची. आणि कार्लोसची नात कार्लोता जोआकिना, तेव्हा दोन-तीन वर्षांची, ती आपल्या नातवाला, जुआंवला करायची.

हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला होता. तीन वर्षांची असताना बाहुली घेऊन नदी ओलांडलेली बाई, सातव्या वर्षी खोटं सांगून परत पाठवलेली, तिलाच हे सुचावं? नंतर वाटलं, तिच्या दृष्टीने ती यंत्रणा चालली होती. पहिली बोलणी फसली, दुसरी टिकली. तिला चार मुली झाल्या, राज्य मिळालं, म्हातारपणी मान मिळाला. आपल्याकडच्या आज्याही, स्वतः आठव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या, नातीचं दहाव्या वर्षी जमवताना तोंडभर हसायच्या. त्यांच्याकडे दुसरं मोजमापच नव्हतं.

15 जानेवारी 1781 रोजी आजुडाच्या त्या लाकडी वाड्यात मारियाना व्हिक्टोरिया वारली. तिने जमवलेली लग्नं 1785 मध्ये लागली. नात स्पेनला गेली, आणि तीन वर्षांत ती, तिचा नवरा आणि नुकतं जन्मलेलं बाळ देवीने गेले.

कार्लोता पोर्तुगालला आली तेव्हा दहा वर्षांची होती. निघण्यापूर्वी स्पेनच्या दरबाराने तिची पोर्तुगीज वकिलांसमोर काही दिवस जाहीर परीक्षा घेतली होती, धर्म, भूगोल, घोडेस्वारी, सगळं, आणि ती झकास पास झाली होती. वय पाहता संसार पुढे ढकलायचं ठरलेलं होतं. पण लिस्बनचे लोक सांगत, की लग्नाच्या दिवशी अठरा वर्षांचा नवरा जवळ आला तेव्हा या पोरीने त्याच्या कानाला कडकडून चावा घेतला, आणि वर शमादान उचलून त्याच्या कपाळावर मारलं.